आईची तीन मिनिटं

रविवारी सकाळी साडेसातलाच काका दारात आले आणि त्यांनी बेलचं बटण दाबून धरलं. त्या घरात बेल वाजत नसे. बटण दाबलं की स्वयंपाकघरातला आणि बाहेरच्या खोलीतला दिवा उघडझाप करायचा. काकांना हे गेली तीस वर्षं माहीत होतं, पण उत्साहात असले की ते बटण सोडायचेच नाहीत आणि घरभर वीज कडाडल्यासारखा प्रकाश नाचायचा.

"भोंगा, वहिनी तयार आहेत ना?" आत येता येताच त्यांनी विचारलं.

भोंगा म्हणजे त्यांची पुतणी. वय एकोणतीस, काम दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात. आई आणि वडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे "हळू बोल" म्हणून दटावणारं घरात कोणी नव्हतंच. पोरीचा आवाज असा मोकाट वाढला, की ती तीन वर्षांची असताना काकांनी तिचं नाव भोंगा ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. वडील जाऊनही आता अठरा वर्षं झाली होती. आईकडे लेकीसाठी वेगळं नाव होतं. हनुवटीवरच्या खळीवर दोन बोटांनी हलकी टिचकी.

त्या दिवशी पक्षाची वॉर्डसभा होती. नगरपालिकेची निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती. पक्ष नऊ वर्षं सत्तेत होता, आणि सदस्यांचं मत घेऊन उमेदवार ठरवायला खुद्द पक्षाध्यक्ष राजधानीतून येणार होते. काका वॉर्डाच्या शाखेचे प्रमुख. उमेदवारीसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, आणि ती चर्चा बरीचशी त्यांनी स्वतःच केलेली होती.

"वहिनींना तीन मिनिटं मिळाली आहेत," काका म्हणाले. "टीव्हीवाले येणार आहेत. पक्षासाठी दोन चांगले शब्द बोलायचे, बस. मी लिहूनच आणलंय."

आईने कागद वाचला. 'पक्षाने आमच्यासारख्या दुर्लक्षितांना आवाज दिला' इथपर्यंत आल्यावर तिने भुवया उंचावल्या आणि हातांनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"तू," लेकीने हातांनीच सांगितलं.

आई खदखदून हसली. मग गंभीर झाली आणि म्हणाली, यात दवाखान्याच्या बोर्डाचं एक वाक्य घाला. सरकारी दवाखान्यात पूर्वी रुग्णांचे नंबर दिव्यांच्या बोर्डावर दिसायचे. दोन वर्षांपूर्वी बोर्ड बंद पडला, तेव्हापासून खिडकीतून नंबर ओरडतात. ज्यांना ऐकू येत नाही ते दिवसभर बाकावर बसून राहतात.

"आज नको हो वहिनी," काका वैतागून म्हणाले. "प्रत्येक वेळी तेच काय ते रडगाणं? एकदा माझी उमेदवारी होऊ द्या, मग बोर्ड काय, तुम्ही म्हणाल ते करू."

लेकीने हातांनी सांगितलं, "काका म्हणतात, नंतर नक्की करू."

रडगाणं हा शब्द तिने गाळला. असं गाळायची तिला सवयच होती. सहाव्या वर्षापासून ती आईबरोबर दुकानात, दवाखान्यात, कचेरीत जात होती. दुकानदार पुटपुटला की "आता ही मुकी कुठून आली", तर ती आईला सांगायची, "थांबा म्हणाले." आईने सांगितलं की "हा माणूस चोर आहे", तर ती दुकानदाराला विचारायची, "थोडं कमी होईल का?" दोन्हीकडच्या टोकदार कडा घासून घासून गुळगुळीत करायच्या. कारखान्यातही ती दिवसभर हेच करायची, कवळी हिरडीला बोचू नये म्हणून.

सभा शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा, कडेला गुंडाळून ठेवलेले दोर, आणि एका टोकाला लाकडी मंच. मंचावर लांब टेबल, पाच खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीच्या बरोबर वर बास्केटबॉलचा हुप. अध्यक्षसाहेब तिथे बसले तेव्हा चेंडू पडायची वाट बघत असल्यासारखे दिसत होते. ते चाळीस मिनिटं उशिरा आले होते, पण सुमारे तीनशे सदस्यांतला एकही उठून गेला नव्हता. शाखेची अशी सभा तीन वर्षांत पहिल्यांदाच भरत होती, आणि हॉलमध्ये सामना सुरू होण्याआधी असते तशी कुजबुज होती.

पुढच्या रांगेत डावीकडे आई आणि तिच्यासारखे आणखी अकराजण बसले होते. त्यांतले चौघं तिच्याबरोबर मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होते. तिथल्या इस्त्रीच्या रोलरचा आवाज एवढा प्रचंड, की ऐकू येणारी माणसं दिवसभर तोंडं मिटून काम करायची आणि गप्पा फक्त ही मंडळीच मारायची.

लेक मंचाच्या कडेला उभी राहून अध्यक्षांचं भाषण हातांनी सांगत होती. 'विकास' आठ वेळा आला. नवव्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तिला आधीच हाताने करून दाखवला, आणि तिला हसू आवरणं कठीण झालं.

भाषण संपत आलं तशी मागून एक प्लंबर उठला. वॉर्डातल्या निम्म्या घरांचे नळ त्याच्या हातचे, त्यामुळे त्याला सगळे ओळखत.

"साहेब, एकच विचारायचंय," तो म्हणाला. "नावं कशी ठरणार?"

"तुमच्याच मताने," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून तर मी स्वतः आलो. कोरा कागद घेऊन आलोय मी."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष खाली बसले. त्यांनी माईकचं बटण बंद केलं, शेजारी बसलेल्या सचिवाकडे मान वळवली आणि टेबलावरच्या त्याच्या काळ्या बॅगेवर बोट ठेवून ते हसत हसत काहीतरी बोलले. सचिवही हसला.

आई खुर्चीत ताठ झाली. "पाहिलंस?" तिने बसल्या जागेवरून लेकीला विचारलं.

"काय?"

आई काही सांगणार तेवढ्यात काकांनी तिचं नाव पुकारलं, आणि माणसं टाळ्या वाजवू लागली.

आई मंचावर आली. लेक शेजारी उभी राहिली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात काकांचा कागद. समोर पहिल्या रांगेत काका दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून सरसावून बसलेले.

आईचे हात हलले. "माझ्या दिराने मला भाषण लिहून दिलंय. ते मी करणार नाही."

लेकीने काकांकडे पाहिलं, टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि सवयीने जे जमत आलं होतं तेच केलं. माईक तोंडाशी धरला आणि कागद वाचला. "माननीय अध्यक्षसाहेब, पक्षाने आमच्यासारख्या दुर्लक्षितांना आवाज दिला, याबद्दल मी आभारी आहे."

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. काकांनी अंगठा वर केला. अध्यक्षांनी कॅमेऱ्याला चेहरा नीट दिसेल अशा बेताने मान झुकवली.

आईचे हात हवेतच थांबले. तिला टाळ्या ऐकू येत नव्हत्या, पण तीनशे हसरे चेहरे दिसत होते. 'भाषण करणार नाही' म्हटल्यावर असं कोणी हसत नाही. पुढच्या रांगेतले तिचे अकरा सोबती मात्र हसत नव्हते. ते गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते.

आईने लेकीकडे वळून पाहिलं आणि दोन्ही हात खाली सोडले. ती रागावली नव्हती. रोलरमधून चादर बाहेर यायची वाट बघावी तशी शांत उभी होती. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. टाळ्या विरल्या. मागे कोणीतरी खोकलं. सचिवाने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं.

लेकीने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"माफ करा," ती माईकवर म्हणाली. "आई हे म्हणाली नाही. मी चुकीचं सांगितलं. आता ती जे म्हणेल तेच सांगते. ती म्हणाली, माझ्या दिराने मला भाषण लिहून दिलंय, ते मी करणार नाही."

काकांचा अंगठा अजून वरच होता, तो त्यांनी हळूच मुठीत घेतला. आणि आईचे हात सुटले. आता लेकीला विचार करायलाही फुरसत नव्हती. हात दिसत होते आणि शब्द आपोआप तोंडातून निघत होते.

"एकवीस वर्षं मी या पक्षाचं काम करते. पत्रकं वाटली, जिने चढले, कुत्रे मागे लागले. तीन वर्षं शाखेची सभा झाली नाही. सगळं वरून फोनवर ठरतं. मला फोन ऐकू येत नाही, ते सोडा. त्या प्लंबरला तर येतो. त्याला आला का एक तरी फोन?"

"नळ गळत असला तर येतो," प्लंबर मागून म्हणाला, आणि हॉल हसला. लेकीने तेही आईला सांगितलं. आईही हसली आणि पुढे निघाली. दवाखान्याचा बोर्ड आला. त्याबद्दल शाखेने नेत्यांना पाठवलेली नऊ पत्रं आली, ज्यांचं एकही उत्तर नाही. रक्तदाबाची गोळी मिळवायला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेला तो पुढच्या रांगेतला म्हातारा आला. म्हातारा उभा राहिला आणि त्याने वळून सगळ्यांना स्वतःला दाखवलं.

"तीन मिनिटं झाली," सचिव म्हणाला.

"माझी तीन त्यांना द्या," प्लंबर म्हणाला. बोलणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं.

"माझीही," खिडकीजवळून एका शिक्षिकेचा आवाज आला. मग एक दुकानदार उठला, मग दोन नर्स. कोणीतरी मागून ओरडून हिशेब दिला, की पंधरा मिनिटं जमली, आता निवांत बोला. लेकीने हे सगळं आईला सांगितलं तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात थांबले नाहीत.

"आत्ता अध्यक्षसाहेब म्हणाले, कोरा कागद घेऊन आलोय," लेक बोलत होती. "मग ते खाली बसले, आणि शेजारच्यांना म्हणाले..."

इथे आईचे हात क्षणभर थांबले आणि लेकीचा आवाजही. पुढे काय येणार ते तिलाही माहीत नव्हतं. मग हात हलले.

"'बोलू द्या त्यांना चहापर्यंत. यादी कालच छापून झालीये.'"

भोंग्याला त्या वाक्यासाठी माईकची गरजच नव्हती. ते मागच्या भिंतीवर आदळलं आणि तिथे उभ्या असलेल्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं.

सचिवाने घाईघाईने टेबलावरचा माईक सुरू केला आणि अध्यक्षांपुढे सरकवला, त्यांनी ताबडतोब नाकारावं म्हणून. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माईककडे बघत होते, जणू त्यानेच घात केला.

"हा तर बंद होता," ते म्हणाले.

हे मात्र तीनशेजणांनी अगदी स्वच्छ ऐकलं.

मग जे झालं त्याला गदारोळ हाच शब्द. खुर्च्या सरकल्या, माणसं उभी राहिली, टीव्हीवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन पुढे धावला. "बहिरे तर हेच आहेत सगळे," कोणीतरी ओरडलं. लेकीने तेही आईला सांगितलं, एकही शब्द न गाळता. आईने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"ही शिवी म्हणून वापरू नका," लेक बोलली. "बहिरी मी आहे. बहिरं माणूस ओठ बघतं, चेहरा बघतं, समोरचा काय म्हणतो ते कळावं म्हणून जिवाचा आटापिटा करतं. यांचे कान धडधाकट आहेत. यांना जे झालंय त्याला दुसरं काहीतरी नाव शोधा."

"चुकलो, ताई," तो माणूस म्हणाला आणि बसला.

"हा गैरसमज आहे," अध्यक्ष आता सावरले होते. "ओठांवरून असं पूर्ण वाक्य कुणाला कळत नसतं."

आईने मान डोलावली. "बरोबर आहे. निम्मंच कळतं. दाट मिशा असल्या तर तेवढंही नाही. पण तुम्ही दाढीमिशा गुळगुळीत काढता आणि शब्द फार सुंदर उच्चारता. भाषणांची सवय. माझं चुकलं असेल तर ती बॅग उघडून दाखवा. मी सगळ्यांसमोर माफी मागते."

सचिवाने टेबलावरची काळी बॅग मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. त्यापेक्षा स्पष्ट उत्तर देता आलं नसतं.

काका उठले. लेकीला वाटलं, आता काका मंचावर येऊन सगळं सावरून घेणार आणि घरी गेल्यावर आपली धडगत नाही. काका पायऱ्या चढले, वहिनीकडे बघितलंही नाही, थेट अध्यक्षांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्यात माझं नाव आहे का?"

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला.

काकांची मान लाल झाली. ते वळले, पुतणीच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "मी शाखाप्रमुख म्हणून ठराव मांडतो. यादी इथे, आत्ता, मोठ्याने वाचा. पटली नाही तर परत न्या."

यादी वाचावीच लागली. या वॉर्डाच्या नावापुढे अध्यक्षांच्या मेहुण्याचं नाव होतं. राजधानीत त्याचं हॉटेल होतं आणि वॉर्डात त्याला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. "हॉटेल तरी चांगलं आहे का?" कोणीतरी विचारलं, पण आता लोकांना हसायचं नव्हतं.

मतदान हात वर करून घ्यायचं ठरलं. ठरावाच्या बाजूने हात वर गेले, आणि पुढची डावी रांग दोन्ही हात उंच करून बोटं नाचवू लागली, कारण ही मंडळी टाळ्या अशाच वाजवतात. मोजणाऱ्या शिक्षिकेचे आकडे तीनदा चुकले. "एक माणूस, एक हात," ती काकुळतीला येऊन म्हणाली, तेव्हा कुठे मोजणी पार पडली. यादी परत न्यावी म्हणणारे दोनशे एकाहत्तर. विरुद्ध नऊ. अध्यक्ष चहा न घेताच गेले.

घरी परतताना पुलाच्या कठड्याशी थांबून लेकीने आईला सांगितलं, "सुरुवातीला मी खोटं बोलले. माफ कर."

"ते आजचंच नाही," आईचे हात म्हणाले. "मी दुकानदाराला चोर म्हणते आणि तो हसून माल बांधून देतो. मला माणसांची तोंडं दिसतात. तुझ्या लहानपणापासून माहीत आहे मला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"दुकानात चालतं. तू पोर होतीस, कुणी तुला ओरडायला नको. पण आज मी माझ्या नावावर उभी होते."

लेकीने तिचा हात धरला, आणि हात धरलेला असल्यामुळे पुढे दोघींनाही बोलता आलं नाही.

दोन दिवसांनी आईच्या नावाने पक्षाचं पत्र आलं. 'सार्वजनिक सभेत नेतृत्वाची बदनामी केल्याबद्दल खुलासा करावा.' काकांनी ते वाचलं आणि खुलासा लिहायला बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान लिखाण झालं, "नेतृत्वाने जे म्हटलं तेच वहिनींनी सांगितलं." खाली दोनशे बारा सदस्यांनी सह्या केल्या. तोवर टीव्हीवर 'हा तर बंद होता' इतक्या वेळा दाखवून झालं होतं, की पोरं रस्त्यात एकमेकांना तेच म्हणत होती. शेजारच्या दोन वॉर्डांतही सभा झाल्या आणि तिथल्या सदस्यांनी भाषणं सुरू होण्याआधीच बॅग उघडायला लावली. शुक्रवारी राजधानीतून घोषणा झाली, की यादी म्हणजे निव्वळ कच्चा मसुदा होता आणि उमेदवार शाखांनीच मतदान करून निवडावेत.

इथल्या शाखेत काका आणि प्लंबर समोरासमोर उभे राहिले. प्लंबर अकरा मतांनी निवडून आला. आईने काकांना तोंडावर सांगून प्लंबरला मत दिलं होतं. काकांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, की प्लंबरला प्रचारातलं काही कळत नाही, आणि ते त्याच्या घरी जाऊन प्रचारप्रमुख होऊन आले.

पुढच्या आठवड्यात धुलाईघरात आईसाठी तीन निरोप आले, तीन वेगवेगळ्या वॉर्डांतून. आमच्याही सभेत येऊन बोला, गाडी पाठवतो. आईने तिन्हींना हो म्हटलं आणि मगच लेकीला सांगितलं.

भोंगा त्यानंतरच्या सोमवारी कारखान्यात मालकांपुढे उभी राहिली. पुढ्यात अर्धवट घासलेली वरच्या जबड्याची कवळी, हातावर पांढरी भुकटी.

"बुधवार, शुक्रवार आणि शनिवार, दुपारनंतर सुट्टी हवी आहे," ती म्हणाली. सगळे कारागीर मान वर करून बघू लागले, कारण ती नेहमीच्याच आवाजात बोलली होती.

"कशासाठी?" मालकांनी विचारलं.

"आईची भाषणं आहेत."

"काय बोलणार आहेत?"

"मला कसं माहीत असेल?" ती म्हणाली. "तिने अजून ते कुठे सांगितलंय?"

बुधवारी दुपारी गाडी आली. आई धुलाईघरातून थेट आली होती, अंगाला गरम चादरींचा वास होता. ती ड्रायव्हरशेजारी बसली. लेक मागे बसली आणि आरशात आईचे हात दिसतील अशा बेताने पुढे वाकली. ते आत्ताच हलायला लागले होते.